रानकांदा : इथला आणि समुद्रापलीकडचा

मे महिन्यात चाकूर तालुक्यातल्या मुरमाड माळावर हिरवे म्हणावे असे फारसे काही उरलेले नसते. अशा जागी कधी कधी जमिनीतून सरळ वर आलेला, हात-दीड हात उंचीचा एक दांडा दिसतो. त्याला एकही पान नसते. वरच्या भागात मळकट, तपकिरी छटेची लहान फुले विरळ अंतराने मान खाली घालून लोंबत असतात. खाली खणले तर पांढरा, पापुद्र्या-पापुद्र्यांचा कांदा हाती येतो. हा रानकांदा. कोणी त्याला कोळकांदा म्हणते, कोणी जंगली कांदा. आयुर्वेदात तो वनपलांडू किंवा कोलकंद या नावाने येतो. वनस्पतिशास्त्रात त्याचे आजचे नाव ड्रिमिया इंडिका, जुन्या पुस्तकांतले अर्जिनिया इंडिका.

त्याचा एक जवळचा नातेवाईक भूमध्य समुद्राच्या काठाने, स्पेन-मोरोक्कोपासून तुर्कस्तान-लेबनॉनपर्यंत वाढतो. तो ड्रिमिया मॅरिटिमा, म्हणजे समुद्रकांदा. इंग्रजी औषधशास्त्रात ‘स्क्विल’ म्हटले की मुळात हाच अभिप्रेत असे. हे दोघे शेजारी ठेवून पाहण्यात वनस्पतिशास्त्रज्ञांना रस असतोच, पण खोकला, मुतखडा, अंगावरची सूज किंवा गुडघेदुखी यांवर कोणी ‘रानातला कांदा’ सुचवला असेल, त्यालाही ही तुलना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, हे दोन्ही कांदे नव्हेतच. बाजारातला कांदा आणि लसूण एका कुळातले. रानकांदा आणि समुद्रकांदा शतावरीच्या कुळातले. जमिनीखाली पापुद्र्यांचा गड्डा करायचा, एवढेच त्यांचे कांद्याशी साम्य. खऱ्या कांद्याची पात आतून पोकळ, नळीसारखी. रानकांद्याची पाने चपटी, पट्टीसारखी. खऱ्या कांद्याची फुले दांड्याच्या टोकाला गोल गेंदासारखी. रानकांद्याची दांड्यावर एकाखाली एक. आणि सर्वांत सोपी खूण वासाची. पात चुरगाळली किंवा गड्डा कापला तरी रानकांद्याला कांद्याचा वास येत नाही. डोळ्यांतून पाणी काढणारा तो गंधकाचा वास फक्त खऱ्या कांद्याच्या घराण्याचा. रानकांदा कापताना हाताला मात्र खाज सुटते, कारण त्याच्या पेशींत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ‘ड्रिमिया’ हे नावच ग्रीक भाषेतल्या ‘झोंबणारा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे.

आता दोघांतला फरक. समुद्रकांद्याचा गड्डा मोठा होतो, एक-दोन किलोपर्यंत भरतो, अर्धा जमिनीबाहेर डोके काढून बसतो. फुलांचा दांडा माणसाच्या छातीला लागेल इतका उंच, फुले पांढरी आणि दाट. इथला रानकांदा त्यामानाने किरकोळ; गड्डा मुठीत मावणारा आणि पूर्ण जमिनीत गाडलेला. पण दोघांचे वेळापत्रक पाहिले की नाते लगेच पटते. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून समुद्रकांदा उन्हाळा संपताना, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पानांशिवाय फुलतो आणि पावसानंतर पाने काढतो. मराठवाड्यात पाऊस मृगात येतो, म्हणून रानकांदा वैशाखाच्या उन्हात फुलतो आणि जून-जुलैत पाने काढतो. दोघेही साठवलेल्या अन्नाच्या जोरावर कोरड्यात फुले आणतात. गुराढोरांना खायला दुसरे काही नसताना रसरशीत गड्डा जमिनीत राखून ठेवायचा, तर त्याला संरक्षण हवे. ते संरक्षण म्हणजे विष, आणि ते थेट हृदयावर काम करते.

समुद्रकांद्याच्या या गुणाची ओळख माणसाला दोन हजार वर्षांहून जुनी आहे. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने त्याचा व्हिनेगरमधला अर्क सांगितला आहे. पीडा टळावी म्हणून अख्खा गड्डा दारावर टांगावा, असेही त्यानेच लिहून ठेवले आहे. लिंबू-मिरची टांगणाऱ्यांनी हसू नये. पुढे युरोपात सर्वांगाला सूज आलेल्या, पोटात पाणी झालेल्या रुग्णांना लघवी साफ होण्यासाठी स्क्विल देत. अशा अनेकांचा मूळ रोग हृदय दुबळे होण्याचा असे, हे तेव्हा नीट कळलेले नव्हते. 1785 मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटालिस, या वनस्पतीवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले आणि स्क्विलची जागा हळूहळू डिजिटालिसने घेतली. तरी स्क्विल एकदम गेले नाही. लंडनच्या गाय्स हॉस्पिटलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका गोळीत पारा, डिजिटालिस आणि स्क्विल तिन्ही असत. आजच्या डॉक्टरला ती यादी वाचूनच घाम फुटेल. खोकल्याच्या ‘जीज लिंक्टस’मध्ये अफूच्या अर्काबरोबर स्क्विल होते.

ब्रिटिश अमलात हे औषध हिंदुस्थानात समुद्रमार्गे येई. मग इथल्या रानकांद्याचा पर्याय म्हणून विचार सुरू झाला. तो कमकुवत आहे, युरोपी कांद्याची सर त्याला नाही, अशी समजूत आधी होती. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधांची प्रयोगशाळेत छाननी केली. 1933 च्या त्यांच्या ग्रंथात रानकांद्यालाही जागा मिळाली आणि तो परदेशी कांद्याच्या जागी वापरण्याजोगा आहे, हे मान्य झाले. भारतीय औषधसंहितेत तो आलाच. ब्रिटिश औषधसंहितेतही ‘इंडियन स्क्विल’ असे त्याचे वेगळे टाचण झाले.

हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो आणि त्यात गैर काही नाही. पण रानकांदा परदेशी औषधाच्या तोडीचा आहे, याचा अर्थ तो परदेशी विषाच्याही तोडीचा आहे. ‘आपला गावरान, सौम्य’ असे म्हणण्याला आधार नाही. आणि ‘झाडपाल्यात काय असते, पालापाचोळा’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरांचेही तितकेच चुकते. रानकांद्यात काही नसते तर चिंतेचे कारणच नव्हते. त्याचा गुण खरा आहे म्हणूनच त्याला जपून राहायचे.

दोन्ही कांद्यांत सिलारेन, प्रोसिलारिडिन अशी हृदयावर काम करणारी द्रव्ये असतात. ज्या रासायनिक गटात ती मोडतात, त्याला बेडकाच्या एका जातीच्या लॅटिन नावावरून नाव पडले आहे, कारण त्या बेडकांच्या कातडीतले विषही याच घडणीचे असते. प्रत्येक पेशीच्या भिंतीवर सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. ही द्रव्ये तो पंप रोखतात. मग हृदयाच्या स्नायूत कॅल्शियम साचते आणि ठोका जोरकस होतो. नाडी संथ होते. दुबळ्या हृदयाला हे हवेच असते, डिजॉक्सिनची गोळी हेच करते. मात्रा थोडी वाढली की वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारा विजेचा संदेश अडतो, नाडी फारच मंदावते, मध्येच खालचे कप्पे स्वतःच्या मनाने धडधडू लागतात, रक्तात पोटॅशियम चढते. मृत्यू येतो तो या बिघडलेल्या ठोक्यांनी. कण्हेरीच्या बिया खाऊन आलेल्या रुग्णावर उपचार केलेल्या मराठवाड्यातल्या कोणत्याही डॉक्टरला हे चित्र परके वाटणार नाही. विषाची जात जवळपास तीच.

समुद्रकांद्याचे पांढरा आणि लाल असे दोन प्रकार आहेत. पांढरा औषधाला जाई. लाल प्रकारात सिलिरोसाइड नावाचे आणखी एक विष असते, म्हणून तो उंदीर मारायला वापरत. त्यामागची युक्ती मजेशीर आहे. उंदराला ओकारी काढता येत नाही. कुत्र्याने किंवा माणसाने चुकून खाल्ले तर ते उलटून पडते, उंदराच्या पोटात मात्र राहते. याच लाल कांद्यातून सिनिस्ट्रिन नावाची एक साखर वेगळी काढतात आणि मूत्रपिंड किती गाळते हे मोजण्याच्या चाचणीत ती वापरतात. मुतखड्यावर रानकांदा सुचवणाऱ्याला हे कळले तर तो खूश होईल. पण मोजण्याची चाचणी वेगळी आणि खडा पाडणे वेगळे. शिवाय ती साखर विषापासून पूर्ण वेगळी केलेली असते.

इथल्या रानकांद्याची अडचण निराळी आहे. ड्रिमिया इंडिका हे दिसायला एक नाव असले तरी त्यात बरीच विविधता आहे. गुणसूत्रांचे दोन संच असलेली, तीन संच असलेली, चार संच असलेली झाडे वेगवेगळ्या भागांत सापडतात. महाराष्ट्रात ड्रिमियाच्या इतरही काही जाती आहेत, त्यातल्या काही फार थोड्या जागी उरलेल्या. बाहेरून बहुतेकांना हा फरक ओळखू येत नाही. गड्डा कोणत्या महिन्यात खणला, किती जुना होता, ओला वापरला की वाळवून, यावर त्यातल्या द्रव्याचे प्रमाण बदलते. औषध कारखान्यात म्हणूनच फुलोरा संपल्यावर गड्डे काढून, काप करून, वाळवून, त्यांचा जोर तपासून मगच मात्रा ठरवत. रानात हे कोण करणार?

मात्रेचा हिशेब एकदा मांडून पाहावा. जुन्या औषधसंहितेत वाळलेल्या स्क्विलच्या भुकटीची मात्रा 60 ते 200 मिलिग्रॅम दिलेली आहे. 200 मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरसुद्धा नव्हे. शंभर ग्रॅम वजनाचा ओला गड्डा घेतला आणि त्यात पाचवा हिस्सा सुका माल धरला, तर वीस ग्रॅम होतो. म्हणजे एका गड्ड्यात मोठ्यातल्या मोठ्या मात्रेच्या शंभर मात्रा. ‘अर्धा गड्डा दुधात उकळून सकाळी उपाशीपोटी’ हे सांगायला सोपे आहे. ते ऐकताना पन्नास मात्रांचे गणित कोणाच्या डोक्यात येत नाही. तुलनेसाठी, डिजॉक्सिनच्या नेहमीच्या गोळीत औषध असते पाव मिलिग्रॅम, आणि तेवढ्यासाठीही डॉक्टर रुग्णाचे वय, वजन आणि क्रिएटिनिन पाहतात.

मग इतके लोक बचावतात कसे? एक कारण म्हणजे ही द्रव्ये आतड्यातून अर्धवटच शोषली जातात. दुसरे कारण उलटी. रानकांदा जठराला झोंबतो आणि बराचसा परत येतो. अगदी कमी मात्रेत हीच मळमळ श्वासनलिकेत पाणी सुटायला मदत करते, कफ पातळ होतो. खोकल्यावरचा त्याचा गुण तो हाच. पण या उलटीचा अर्थ गावात वेगळा लावला जातो. ‘पित्त पडले, औषध लागू पडले’ असे म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक मात्रा दिली जाते. खरे तर मळमळ, उलटी, जुलाब ही हृदयावरच्या विषाची पहिली घंटा असते. डिजॉक्सिन घेणारा रुग्ण ‘जेवण जात नाही, मळमळते’ म्हणाला तरी जाणता डॉक्टर आधी गोळी थांबवतो.

तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेली एक नोंद या संदर्भात वाचण्यासारखी आहे. पंचावन्न वर्षांची एक स्त्री, सांधेदुखीने हैराण. गावठी उपाय म्हणून तिने समुद्रकांद्याचे दोन गड्डे खाल्ले. उलट्या, झटके, वाढलेले पोटॅशियम, अडलेले ठोके. उपचार करूनही ठोके बिघडून तीसेक तासांनी ती गेली. समुद्रकांद्याच्या जागी रानकांदा ठेवला आणि गाव बदलले, तर ही गोष्ट चाकूर-अहमदपूरकडच्या कोणत्याही घरातली वाटेल. सांधेदुखी तीच, वय तेच, आणि दवाखान्याच्या गोळ्यांचा कंटाळाही तोच.

चाकूर तालुक्याचे नाव वनौषधींच्या संदर्भात निघते ते वडवळ नागनाथच्या बेटामुळे. बेट म्हणजे इथे पाण्यातली जागा नव्हे, टेकडी. तिच्यावरच्या औषधी झाडाझुडपांची ख्याती जिल्ह्याबाहेरही आहे आणि पावसाळ्याच्या दिवसांत लोक तिथे मुद्दाम येतात, पाला तोडतात, चघळतात, घरी नेतात. हे सगळे अडाणीपणाचे म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण योग्य नाही. झाडे ओळखणारी माणसे कमी होत चालली आहेत. पूर्वी जो वैदू किंवा गुराखी रानकांदा दाखवायचा, तो बहुधा कुरूप किंवा चामखिळीवर भाजून बांधायला सांगायचा आणि पोटात घेताना हात आखडायचा. आता फोटो मोबाइलवर फिरतो, त्याखाली दहा रोगांची यादी असते आणि हात आखडायला सांगणारे कोणी नसते. अशा टेकडीवर झाडांच्या गुणांचे फलक लावावेत, अशी सूचना नेहमी होते. त्यांच्या जोडीला ‘हे पोटात घेऊ नये’ अशी दुसरी यादीही तितक्याच मोठ्या अक्षरांत हवी. कण्हेर, कळलावी, धोतरा, बिब्बा आणि रानकांदा ही पाच नावे आली तरी बरेच काम होईल. आणि गड्डा उपटून नेला की ते झाड तिथून संपते. पाला तोडल्यासारखे ते नाही.

सर्वांत जास्त धोका कोणाला? ज्यांच्या पिशवीत आधीच गोळ्या आहेत त्यांना. साठीच्या पुढचा माणूस, रक्तदाब, पायावर सूज. लघवी होण्याची ‘पाण्याची गोळी’ चालू असते; ती शरीरातले पोटॅशियम कमी करते, आणि पोटॅशियम कमी असले की रानकांद्याचे विष पेशीवरच्या पंपाला अधिक घट्ट चिकटते. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी गोळी नाडी संथ करते. रानकांदा तिला आणखी संथ करतो. डिजॉक्सिन चालू असेल तर एकाच जातीच्या दोन मात्रा एकावर एक पडतात. सूज उतरेना म्हणून असाच माणूस रानकांद्याकडे वळतो, आणि त्यालाच तो सोसत नाही.

यात डॉक्टरांनी बदलण्यासारखे एक आहे. ‘झाडपाला घेतला का?’ हा प्रश्न बहुतेक वेळा रागावून विचारला जातो, आणि रागावून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच येते. बरोबर आलेली सून किंवा मुलगा खाली बघतो, केसपेपरवर ‘उलट्या, जुलाब’ एवढेच लिहिले जाते आणि सलाइन सुरू होते. नाडी चाळीसवर असताना जुलाबाचे निदान बसत नाही. जुलाबाने पाणी गेलेल्या माणसाची नाडी जलद चालते. एवढी एक विसंगती लक्षात आली तरी ईसीजी काढला जातो, आणि ईसीजीची सोय आता तालुक्याच्या ठिकाणीही असते. ‘मामा, गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? रानातले काही?’ असे साधेपणाने विचारले तर बहुतेक लोक सांगतात.

उपचार आहेत, पण ते वेळेवर व्हावे लागतात. लवकर पोहोचले तर विष शोषून घेणारा कोळसा देता येतो, संथ नाडीसाठी ॲट्रोपिन, पोटॅशियमवर उपचार, गरज पडली तर तात्पुरता पेसमेकर. डिजॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे नावाचे उताऱ्याचे औषध जगात आहे, पण ते महाग आहे आणि भारतात सहजी मिळत नाही. त्यावर विसंबून राहता येत नाही. रक्तातली डिजॉक्सिनची तपासणी रानकांद्याच्या द्रव्यांनाही काही प्रमाणात दाद देते. त्यामुळे आकडा आला तर संशय पक्का होतो. मात्र विष किती घेतले हे त्या आकड्यावरून ठरत नाही, आणि आकडा कमी आला म्हणून रुग्णाला घरी पाठवता येत नाही. चाकूरहून लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या आत गाठता येते. हृदयाच्या ठोक्यांवर सतत नजर ठेवणारी खाट तिथे मिळू शकते. रुग्णाला हलवायचे तर नाडी मंदावल्याबरोबर हलवावे. बेशुद्धीची वाट पाहू नये.

घरच्यांनी करायचे ते थोडेच. मीठपाणी पाजून उलटी काढू नये. रुग्णाला चालवत नेऊ नये, 108 ला फोन करावा. आणि उरलेला गड्डा फेकून न देता, पाने किंवा फुलांचा दांडा असेल तर त्यासकट, कागदात गुंडाळून बरोबर न्यावा. कापलेल्या फोडींवरून कोळकांदा कोणता आणि दुसरा रानगड्डा कोणता हे सांगणे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकालाही जड जाते. चपट्या पानांचा अख्खा गड्डा वास घेऊन पाहिला तर निदान तो स्वयंपाकघरातला नाही, एवढे कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरलाही लगेच कळते.